टेकडीवर देशी झाडं लावायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती पुणे परिसरातल्या कोरड्या टेकड्यांपुरती आहे. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, कात्रजचा डोंगर आणि तशाच आसपासच्या टेकड्या. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. जमीन म्हणजे काळ्या पाषाणावर वीतभर माती आणि खाली मुरूम. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर बेतलेलं आहे. बाल्कनी आणि सोसायटीच्या बागेचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

पावसाळ्यात एखादा रविवार देता येईल. तेवढा चालेल?

चालेल, पण जुलैतला रविवार द्यायला सगळेच तयार असतात. डिसेंबर ते मे या काळातला एक रविवार जुलैतल्या तीन रविवारांपेक्षा मोलाचा आहे. रोप लावायला दहा मिनिटं लागतात. ते जगवायला तीन उन्हाळे लागतात.

वर्षाचं काम साधारण असं असतं: एप्रिल-मे खड्डे आणि चर, जूनअखेर ते जुलै लागवड, ऑगस्ट-सप्टेंबर तण काढणं आणि मेलेल्या जागी नवं रोप, ऑक्टोबर-नोव्हेंबर आच्छादन आणि जाळरेषा (वणवा अडवायला गवत कापून मोकळा केलेला पट्टा), डिसेंबरपासून पुढचा पाऊस येईपर्यंत पाणी.

यंदा किती रोपं लावायची हे कसं ठरवायचं?

एप्रिलमध्ये पाणी घालायला किती हात येतात, त्यावरून. रोपवाटिका किती रोपं फुकट देते किंवा प्रायोजक किती आकडा मागतो, त्यावरून नाही.

हिशोब सोपा आहे. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला दर दहा दिवसांनी १० लिटर पाणी लागतं. टेकडीवर पाण्याची टाकी नसेल तर ते पाठीवर किंवा हातात चढवावं लागतं. धडधाकट माणूस पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन एका सकाळी चार खेपा करतो, म्हणजे ४० लिटर, म्हणजे चार रोपं. दर दहा दिवसांनी खात्रीने येणारी दहा माणसं असतील तर ४० रोपं लावा. शंभर लावायची असतील तर पंचवीस माणसं हवीत. नाहीतर वर टाकी, टँकरची सोय आणि पाइप हवा. पाचशे रोपं लावून पन्नास जगवण्यापेक्षा साठ लावून पन्नास जगवणं स्वस्त पडतं, आणि वाया गेलेल्या साडेचारशे खड्ड्यांची मातीही वाहून जात नाही.

परवानगी लागते का? टेकडी तर सगळ्यांचीच आहे.

लागते. एकाच टेकडीचा एक उतार वनविभागाचा, दुसरा महापालिकेचा आणि मधला तुकडा खासगी असू शकतो. वनजमीन असेल तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. त्यात लागवडीबरोबर खड्डे, चर, पाण्याची टाकी आणि तण काढणं यांचाही स्पष्ट उल्लेख असू द्या. महापालिका हद्दीत झाड तोडायचं असेल, मग ते परदेशी असलं आणि तुमच्या मते निरुपयोगी असलं तरी, १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी हवीच. फांदी छाटण्याआधीही विचारा.

देशी म्हणजे नेमकं काय? गुलमोहर तर लहानपणापासून पाहतोय.

पाहत असाल, पण तो मादागास्करचा आहे. वर्षावृक्ष, नीलमोहर, सुबाभूळ, सीताफळ, पेरू आणि देवचाफा मूळचे अमेरिका खंडातले, निलगिरी ऑस्ट्रेलियातली, स्पॅथोडिया आफ्रिकेतला. यातली काही अंगणात लावायला काहीच हरकत नाही. पेरूला कोण नाही म्हणेल? प्रश्न टेकडीचा आहे. तिथे असं झाड हवं, ज्याचं पान खाणारी अळी, मध पिणारा पक्षी आणि बी वाहून नेणारा प्राणी इथेच आहे.

मात्र ‘भारतीय’ म्हणजे इथलं नव्हे. सातवीण किंवा सीताअशोक अस्सल भारतीय, पण ओलसर जंगलातले. मुरमाच्या उघड्या उतारावर ते दुसरा उन्हाळा सहसा पाहत नाहीत. ताम्हण हे राज्यफूल म्हणून प्रत्येक कार्यक्रमात हट्टाने लावलं जातं. त्यालाही ओढ्याकाठची ओल लागते. तेव्हा ‘देशी आहे का’ एवढं विचारून थांबू नका, ‘या उतारावरचं आहे का’ हेही विचारा.

मग कुठे काय लावता?

जागा बघून. उघड्या, खडकाळ माथ्यावर आणि दक्षिणेकडच्या उतारावर सालई, मोई, गणेर, पांढरूख, काटेसावर. ही झाडं उन्हाळ्यात पानं टाकून तग धरतात. थोडी माती असलेल्या उतारावर पळस, पांगारा, आपटा, खैर, धावडा, बोर, हिवर, बाभूळ, बेल, मेडशिंगी. ओहोळाच्या काठाने करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. वड, पिंपळ, पाखर, नांद्रुक यांना जागा भरपूर हवी, पण एक जगलं तरी दहा जातींचे पक्षी तिथे येतात.

झुडपं विसरू नका. करवंद, धायटी, निर्गुडी, तरवड, मुरुडशेंग, अडुळसा, हेंकळ. लागवडीत साधारण निम्मी झुडपं असावीत. सगळे उंच वृक्षच मागतात, पण सातभाई, बुलबुल आणि ससा यांना आडोसा लागतो तो कमरेएवढ्या झुडपांचा.

मोई, पांगारा आणि सालई फांदीपासूनही येतात. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांब फांदी घ्या, दीड फूट पुरा आणि भोवतीची माती पायाने घट्ट दाबा. वरच्या टोकाला शेण किंवा ओली माती लिंपली की फांदी लवकर सुकत नाही. फांदी उलटी लावू नका. नवखे लोक हे सर्रास करतात, म्हणून तोडतानाच खालच्या टोकाला तिरका काप द्या.

पठारावर नुसतं गवत आहे. तिथे झाडं का लावत नाही?

कारण ते गवत म्हणजे ओसाड जमीन नाही. कुसळी, पवना, मारवेल यांचा माळ हा स्वतंत्र अधिवास आहे. चंडोल जमिनीवर गवताच्या बुंध्याशी घरटं करतो. तित्तिर, धाविक, सरडे, टोळ, पावसाळ्यात उगवणारी कंदांची फुलं, हे सगळं सावली पडली की हळूहळू नाहीसं होतं. खोल मुळांचं गवत माती धरून ठेवतं ते वेगळंच. कुसळं मोज्यांत घुसतात, हे खरं. त्यावर उपाय मोजे बदलणं हा आहे, माळावर खड्डे खणणं हा नाही.

जांभ्याच्या सड्यांना, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारांना, हेच आणखी कडकपणे लागू पडतं. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे ते तिथल्या उघड्या खडकावरच्या फुलांमुळे. तिथे वृक्षारोपण म्हणजे नासधूस. गवताळ माळावर करायचं काम वेगळं असतं: घुसलेली सुबाभूळ आणि वेडी बाभूळ उपटणं, वणवा रोखणं, गवत बी गळून गेल्यावरच कापू देणं.

टेकडीभर गिरिपुष्प आहे. ते सगळं एकदाच तोडून मोकळं का होत नाही?

गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मध्य अमेरिकेतलं झाड. पटकन वाढतं, शेळ्या फारशा खात नाहीत, म्हणून एकेकाळी ते टेकड्यांवर भरघोस लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलतं तेव्हा देखणं दिसतं. पण त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही.

तरीही एका फटक्यात साफ केलं तर उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्या पावसात घाणेरी आणि गाजर गवत येतं, आणि ते गिरिपुष्पापेक्षा वाईट. शिवाय बुंधा तोडला की त्याला चौफेर फुटवे फुटतात, एकाच्या जागी आठ खोडं होतात. रीतसर परवानगी घेऊन, दर वर्षी चौथा हिस्सा विरळ करत तीन-चार वर्षं चालणारं हे काम आहे. आधी त्याच्या विरळ सावलीत देशी रोपं लावायची, ती छातीएवढी झाली की डोक्यावरचं गिरिपुष्प काढायचं. तोडल्यावर फुटवे दर महिन्या-दीड महिन्याने मोडत राहायचे, पहिलं वर्षभर तरी.

दोन गोष्टी सांभाळा. तोडलेल्या फांद्या कुंपण म्हणून जमिनीत खोचू नका, त्या रुजतात. आणि पाला फेकू नका. त्यात नत्र भरपूर असतं, देशी रोपांच्या आळ्यात आच्छादन म्हणून तो उत्तम. शत्रूच्याच पाल्यावर आपली रोपं पोसायची.

घाणेरी कोयत्याने छाटली तर पुन्हा येते. कशी काढायची?

छाटली की ती दुप्पट दाट येते, कारण फुटवे फुटण्याची जागा जमिनीच्या अगदी लगत असते, खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे. त्याच्या खाली घाव घालावा लागतो. पद्धत अशी: आधी वरच्या फांद्या कापून बाजूला घ्या, म्हणजे बुंधा दिसेल. मग कुदळीने बुंध्याभोवतीची माती हलवून जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडा. बुंधा उचलून मुळं वर करून उलटा ठेवा, उन्हात वाळू द्या. मातीला टेकलेला बुंधा पुन्हा रुजतो.

पावसाळ्यात माती मऊ असताना काम निम्म्या कष्टात होतं. काळी फळं धरण्याआधी काढली तर उत्तम. धरली असतील तर ती पोत्यात भरून बाहेर न्या. बुलबुल ती खाऊन बिया पेरतात, म्हणून जवळच्या मोठ्या झाडांखाली पुढची दोन वर्षं कोवळी रोपं उपटत राहावी लागतात. आणि एक पथ्य: सगळं जाळं एका दिवशी काढू नका. मार्च ते जुलै त्यात घरटी असतात. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या पट्ट्यात त्याच आठवड्यात गवताचं बी किंवा निर्गुडी, धायटी लावा. जमीन रिकामी ठेवलीत तर ती कुणीतरी भरणारच.

गाजर गवत आणि ती पिवळी-केशरी कॉसमॉसची फुलं?

गाजर गवताची पुण्यातली नोंद १९५५ च्या सुमाराची, तेव्हापासून ते मुक्कामाला आहे. फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे आणि मास्क घालून उपटा. त्वचेची किंवा श्वासाची अॅलर्जी असलेल्यांनी त्या दिवशी दुसरं काम घ्यावं. कॉसमॉस मेक्सिकोचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचे फोटो काढायला गर्दी होते आणि तेव्हाच तो बी धरतो. फुलं गळण्याआधी उपटायचा. येणारेजाणारे रागावतात, त्यांना शांतपणे सांगायचं: तो नसता तर तिथे तेरडा आणि सोनकी असती.

खड्डा केवढा आणि कधी?

एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. झुडपाला एक फूट पुरतो. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढा, कारण भरताना काळी माती तळाशी मुळांपाशी जायला हवी. खड्डा महिनाभर उन्हात तापला की किडींची अंडी मरतात. मुरमाड जमिनीत पहार लागते. नवख्या माणसाचे सकाळचे दोन-तीन खड्डे झाले तरी पुष्कळ.

भरताना तीन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, वाळवीचा त्रास असलेल्या जागी २०० ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीही जमते. त्यापेक्षा नुसती माती बरी. रासायनिक खत अजिबात नको. त्याने वरचा पाला फोफावतो, मुळं खोल जात नाहीत आणि मार्चमध्ये रोप माना टाकतं.

उतारावर त्याच सुमारास आडवे चर खणले तर बरंच पाणी मुरतं. तीन मीटर लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल चरात एका वेळी सुमारे साडेपाचशे लिटर पाणी मावतं. चर समपातळीतच हवा. डोळ्यांनी अंदाज घेतलेला चर हमखास तिरका जातो, पाणी एका टोकाला साचून फुटतं आणि तिथून नवी घळ पडते. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढा.

५ जूनला पर्यावरण दिनी लागवड ठेवू का?

नको. पुण्यात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुठे सुरू होतो आणि मग अनेकदा दडी मारतो. दोन-तीन दमदार सरी होऊन खड्डा वीतभर खोल भिजला की लावायचं, म्हणजे साधारण जूनअखेर ते जुलैचा मध्य. १५ ऑगस्टची लागवडही अशीच उशिराची. मुळं पसरायला जेमतेम सहा आठवडे मिळतात. ५ जूनला काही करायचंच असेल तर आळी दुरुस्त करा, बिया पेरा.

लावताना काय चुकतं?

पहिली चूक, रोप उंच घेणं. आठ फुटांचं रोप फोटोत छान दिसतं, पण त्याची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात. टेकडीसाठी दीड ते तीन फुटांचं, जाड बुंध्याचं रोप घ्या.

दुसरी, पिशवी न काढणं. हसू नका, दर वर्षी निघतात. पिशवी उभी चिरा, मातीचा गोळा न फोडता काढा, तळाशी वेटोळी झालेली मुळं धारदार कात्रीने कापा. पिशव्या मोजून परत आणा; पन्नास रोपं असतील तर पन्नास पिशव्या खाली आल्याच पाहिजेत.

तिसरी, खोली. पिशवीतली माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच रोप पुरायचं. बुंधा खोल गाडला की साल कुजते. भोवतीची माती पायाने दाबून हवेच्या पोकळ्या घालवा. उतारावर आळं गोल न करता खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांध घाला, म्हणजे वरून येणारं पाणी अडेल. खाली सपाट काळ्या मातीत उलट करायचं, रोप थोडं उंचवट्यावर, कारण तिथे पाणी साचून मुळं गुदमरतात.

काठी लावलीत तर सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. घट्ट तारेने गळफास बसलेली झाडं प्रत्येक टेकडीवर दिसतात. वर्षाने काठी काढा. दोन झाडांत तीन-चार मीटर अंतर, झुडपांत दीड.

आच्छादन खरंच एवढं महत्त्वाचं आहे?

हो. ऑक्टोबरात, जमिनीत ओल असतानाच, आळ्यात तीन-चार इंच जाडीचा वाळका पाला किंवा गवत पसरा. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी आणि बुरशी सालीला लागते. पाला उडत असेल तर वर चपटे दगड ठेवा. दगडाखाली रात्रीची ओलही टिकते. आच्छादन असेल तर पाण्याचा दहा दिवसांचा फेरा बारा-तेरा दिवसांवर नेता येतो. वरच्या हिशोबात तो किती खेपा वाचवतो बघा.

दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी १५ लिटर, तिसऱ्यात महिन्याने २० लिटर. थोडं थोडं रोज घालू नका. वरवरच्या पाण्याने मुळं वर येतात. दोन-तीन लिटरचं कच्चं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवणं ही जुनी आणि कमी पाण्यातली चांगली युक्ती. प्लास्टिकच्या बाटल्या टांगण्यापेक्षा ती बरी, कारण बाटल्यांची भोकं आठवड्यात बुजतात.

शेळ्या सगळं खातात. काय करायचं?

मेंढपाळांशी आधी बोलायचं. कुठला तुकडा दोन वर्षं मोकळा ठेवायचा आणि कुठे चारायचं हे त्यांच्याबरोबर ठरवलं तर कुंपणाची गरज निम्मी होते. भांडण केलं तर कुंपणही टिकत नाही. रोपाभोवती बोर-बाभळीच्या काटेरी फांद्यांचा कुड घाला. सीमेवर निर्गुडी, रुई, अडुळसा, पळस लावा, यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.

मियावाकी पद्धत का वापरत नाही?

अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरला तीन किंवा जास्त रोपं लावतात. शहरातल्या छोट्या प्लॉटवर, माती सुधारून, नळाचं पाणी असेल तर ती चालते. टेकडीवर त्यासाठी बाहेरून माती आणि रोजचं पाणी लागेल. आणि इथलं मूळ रान एवढं दाट कधीच नव्हतं. ते विरळ, पानगळीचं, मधे गवत असलेलं.

आणि बीजगोळे?

मुलांना माती कालवायला आवडते, तेवढा उपयोग नक्की. उघड्या खडकावर फेकलेल्या गोळ्यांतलं बी मुंग्या आणि उंदीर नेतात, नाहीतर पहिल्या सरीत उगवून पुढच्या उघडिपीत करपतं. बाभूळ, खैर, बोर यांच्या बिया खुरप्याने उकरलेल्या मातीत इंचभर खोल टोकल्या तर गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त उगवतात. कष्टही कमी.

वणवा लागला तर?

फेब्रुवारी ते मे हा धोक्याचा काळ. नोव्हेंबरात लागवडीभोवती तीन मीटर रुंद पट्ट्यातलं गवत कापून जाळरेषा मोकळी करा आणि कापलेलं गवत आच्छादनाला वापरा. आग दिसली तर आधी फोन: अग्निशमन दल १०१, वनविभागाची हेल्पलाइन १९२६. गवताची गुडघ्याखालची आग ओल्या हिरव्या फांद्यांनी, वाऱ्याकडे पाठ करून, जोडीजोडीने झोडपता येते. ज्वाळा त्याहून उंच असतील किंवा आग उतारावरून वर चढत असेल तर वरच्या बाजूला थांबू नका. आग चढावर धावते. झाडं पुन्हा लावता येतात.

साप, मधमाश्या, खाज?

दगड उचलताना पहारेने उलटा, हात घालू नका. घोणस आणि फुरसं दोन्ही इथे आहेत. दंश झाला तर चिरा पाडू नका, घट्ट आवळू नका, चालवू नका. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्प लस असलेल्या रुग्णालयात न्या. आग्या माश्यांचं पोळं असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून काढा, मग धुवा. बिब्ब्याच्या फळातला रस त्वचेला लागला की फोड येतात.

सोबत आणायचं: लांब बाह्यांचा जुना सदरा, पूर्ण पँट, घोट्याच्या वरचे बूट, टोपी, हातमोजे, दोन लिटर पाणी. कुदळ, पहार, घमेली आम्ही देतो. स्वतःचं खुरपं असेल तर जरूर आणा, हाताला बसलेलं हत्यार वेगळंच चालतं.

माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे.

बारा इंची कुंडीत कढीपत्ता लावा. त्यावर आणि लिंबावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन फुलपाखरं अंडी घालतात. नशीब असेल तर ब्लू मॉरमॉनही, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. अळ्या पानं खाणारच, त्यासाठीच झाड लावलं आहे. फवारणी केलीत तर कुंडी हिरवी राहील आणि फुलपाखरू दिसणार नाही. चित्रक, कोरांटी, अडुळसा, शतावरी, गुळवेल हेही कुंडीत येतात. मिश्रण दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं पसरट भांडं दोन इंचांपेक्षा खोल नको, त्यात एक-दोन दगड ठेवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डासांची सोय होईल.

सोसायटीच्या बागेत काय करता येईल?

हिरवळीचा एक कोपरा सोडवून घ्या, दहा बाय दहा फूट पुरे. मधे एक लहान झाड, बेल किंवा कांचन. भोवती करवंद, निर्गुडी, मेंदी, कडेला रुईचं एखादं झुडूप. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर वाढतात. वड-पिंपळ इमारतीजवळ नको. झाडून काढलेला पाला जाळू देऊ नका. तारेच्या जाळीचं तीन फूट व्यासाचं, चार फूट उंच पिंप करा, पाला दाबून भरा, शेणाचं पाणी शिंपडा आणि ओल हाताला लागेल एवढी ठेवा. सहा-आठ महिन्यांत खत होतं. कोरडं पडलं तर वर्षभरही काही होत नाही, बहुतेकांची तक्रार तीच असते.

मी कोकणात राहतो. हीच यादी चालेल का?

नाही. किनाऱ्याला उंडी, आत रातांबा, सुरंगी, बकुळ, किंजळ, ऐन. आणि तिथला मोठा शत्रू रानमोडी हे परदेशी झुडूप. विदर्भात मोह, तेंदू, चारोळी, बिजा. मराठवाड्याच्या कोरड्या भागात हिवर, खैर, बाभूळ, बोर. जवळच्या देवराईत जाऊन काय उगवलंय ते बघा, त्याहून चांगली यादी कुठेच मिळणार नाही.

चढ जमत नाही, पाणी उचलवत नाही. तरी काही काम आहे?

बिया गोळा करणं. रोपवाटिकेत मोई, गणेर, धावडा सहसा मिळत नाहीत, ते आपणच करावे लागतात. जागेपासून पन्नासेक किलोमीटरच्या आतल्या, शक्यतो दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांचं बी घ्या, एका झाडाचं पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. वनजमिनीवर त्यालाही परवानगी लागते.

बोर आणि बेहडा हिवाळ्यात, बहाव्याच्या शेंगा जानेवारी-मार्चमध्ये, काटेसावर एप्रिलमध्ये शेंग फुटायच्या आत, पांगारा आणि पळस मे-जूनला, जांभूळ आणि निंबोळी पावसाच्या तोंडावर. पळस, जांभूळ, करंज आणि कडुनिंब साठवू नका. निंबोळीची उगवण दोन-तीन आठवड्यांत घसरते, आणली की पेरायची. बहाव्याचं कवच टणक असतं. नखकटरने कडेला बारीक टवका काढा, डोळ्याची बाजू सोडून, आणि चोवीस तास पाण्यात ठेवा. जे बी फुगेल तेच पेरा, न फुगलेल्याला पुन्हा टवका. पांगारा रात्रभर भिजवला की पुरतो. बाभळीचं बी शेळीच्या पोटातून आलेलं सर्वांत चांगलं उगवतं, लेंड्यांतून वेचून घ्या.

पिशवी उंच असावी, पाच बाय आठ इंचांहून लहान नको, कारण पळसासारख्यांचं सोटमूळ महिन्याभरात तळ गाठतं. बी साठवायचं असेल तर सावलीत वाळवून कापडी पिशवीत, सोबत कडुनिंबाचा वाळका पाला, आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी: झाडाचं नाव, कुठल्या जागेवरचं, कोणत्या तारखेला वेचलं. चिठ्ठी नसलेली पिशवी आम्ही घेत नाही.